चावीसकट

पंपाची नळी सोडवताना तिच्याबरोबर व्हॉल्व्हच्या आतली पितळी पिनही फिरत फिरत बाहेर आली, आणि इतका वेळ घाम गाळून भरलेली हवा एका दमात निघून गेली. आवाज काही मोठा झाला नाही. पाहुण्यांसमोर कुणी तोंड दाबून जांभई द्यावी, तेवढाच. उलट्या ठेवलेल्या सायकलच्या मागच्या चाकावर टायर मऊ पडला, आणि दट्ट्या गोदामाच्या लांबलचक भिंतीकडेला उकिडवा बसून हातातल्या पंपाकडे बघत राहिला. पंप त्याचा स्वतःचा होता. म्हणजे विकत घेतलेला नव्हे. त्यानं स्वतः आखलेला, समोर उभं राहून कातून घेतलेला, जेवताना, दात घासताना, बायको काहीतरी सांगत असताना डोक्यात फिरवलेला. त्या पंपाच्या नळीच्या तोंडात ती पिन आता ऐसपैस बसली होती, आपलंच घर असल्यासारखी.

दट्ट्या हे अर्थात त्याचं नाव नव्हे. पंपाच्या नळकांड्यात वरखाली होणारा जो दांडा, त्याला दट्ट्या म्हणतात. आणि हा उंच, काटकुळा, ताठ, समोरच्याला दाबल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा, म्हणून कारखान्यातल्या कुणीतरी ते त्याला चिकटवलं. त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला राग आला नाही. या लोकांनी निदान यंत्राचा बरोबर भाग निवडला, एवढं यांना सुचलं कसं, याचंच नवल वाटलं. लोकांकडून त्याच्या अपेक्षा अशा बेताच्याच असत, आणि लोक त्या सहसा पुऱ्या करत.

पहिला राग त्यानं ट्यूबवर काढला. सकाळी कारखान्यात निघाला तेव्हा वळणावर काच घुसून आधीची ट्यूब फाटली होती, आणि पिशवीत जी जादा होती ती बायकोनं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली. "माझ्यासाठी घेत होते, म्हटलं तुलाही एक असू दे," ती म्हणाली होती, आणि त्यानं ती न बघता पिशवीत टाकली होती. दुकानातली ट्यूब! आजवर त्याच्या सायकलला कारखान्याच्या चाचणीखोलीतलीच ट्यूब लागत आली होती. बाजारू वस्तूकडून दुसरं काय होणार, असं पुटपुटत त्यानं पिन पुन्हा व्हॉल्व्हमध्ये घातली, बोटांनी जेवढी आवळता आली तेवढी आवळली, नळी तिच्यावर आट्यांनी बसवली आणि पुन्हा हवा भरायला घेतली. पंप चालत होता मात्र झकास. तळव्याएवढ्या नळकांड्यात दुसरं नळकांडं, नळी आतच लपलेली, ओढली की बाहेर, आट्यांवर फिरवली की अशी घट्ट की हवेचा कण सुटणार नाही. कुठे फुसफूस नाही, कुठे गळती नाही. शर्टाच्या खिशात मावायचा. टायर दगडासारखा झाला तशी त्यानं श्वास धरून, झोपलेल्या तान्ह्याच्या मुठीतून बोट सोडवावं इतक्या हळुवारपणे नळी उलटी फिरवली. पिन आली. फुस्स.

या वेळी मात्र त्याला कळलं. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी तसं. हवेच्या दाबाखाली नळीतला रबरी वॉशर पिनेला घट्ट धरून बसतो. पिन व्हॉल्व्हमध्ये जेवढी आवळलेली असते, त्याहून ही पकड जास्त. मग नळी सोडवायला फिरवली की पिनही तिच्यासोबत फिरणार, बाहेर येणार, हवा जाणार. बाजारातल्या हजारो ट्यूबांमध्ये ही पिन अशीच, बोटाच्या जोरानं बसवलेली असते. म्हणजे त्याचा पंप हवा उत्तम भरत होता, आणि काढून घेताना सगळी परत घेत होता. गळती नको, गळती नको म्हणून त्यानं जी पकड घडवली, तीच.

आणि आज सही होती. साचे करणारा माणूस आराखडे घेऊन दुपारआधी येणार होता. दट्ट्यानं सही केली की पोलाद कापायला लागणार, आणि एकदा पोलाद कापलं की मग बदल नाही. सही टळली तर साचेवाला दुसरं काम घेणार, आणि विक्रीचा प्रमुख, ज्याला दट्ट्या मनातल्या मनात गुळगुळीत म्हणे, तो टपलेलाच होता. त्याच्या मते नवीन पंपाची गरजच नव्हती. कारखान्याचा जुना पंप, ज्याला सगळे म्हातारा म्हणत, तोच लाल, पिवळ्या, निळ्या रंगात काढायचा. "रंग द्या हो, लोक रंग विकत घेतात," असं गुळगुळीत म्हणायचा, आणि या एका बाबतीत तो खरं बोलतो हे दट्ट्याला ठाऊक असल्यामुळे त्याचा आणखीच तिटकारा यायचा.

म्हातारा. जाड, तपकिरी, पिशवीच्या बाहेर डोकं काढून बसणारा. त्याच्या तोंडाला आटे नाहीत, खटका नाही; रबराची नुसती टोपी, व्हॉल्व्हवर दाबायची, हातानं धरून ठेवायची, भरून झालं की ओढायची. भरतानाच कडेनं हवा फुसफुसते, माणूस जोर करतो त्यातला थोडा वाया जातो, आणि तरी लोक वर्षानुवर्षं तो वापरतात, पोरांना देतात, हरवला तर तसलाच घेतात. हा म्हातारा घडवला होता दट्ट्याच्या सासऱ्यांनी. ते याच कारखान्यात याच खुर्चीवर बसत, आणि आता याच्याच घरात खिडकीशी बसत. "तुझं बरंय, घरीही म्हातारा, इथेही म्हातारा," असं कुणीतरी एकदा चहाच्या वेळी म्हणालं होतं, आणि सगळी खोली इतकी खिदळली होती की दट्ट्यानं त्या दिवसापासून चहा जागेवर मागवायला सुरुवात केली. नवीनच लागला होता तेव्हा त्यानं सासऱ्यांना विचारलं होतं, तोंड नीट पकडत का नाही हा? म्हाताऱ्यांनी चष्मा पुसत म्हटलं होतं, "टेकलेलं बरं." बस. यावर माणसानं अख्खी नोकरी काढली! टेकलेलं बरं! दट्ट्याला ते वाक्य अधूनमधून आठवायचं, आणि प्रत्येक वेळी तो मनातल्या मनात त्याला नव्यानं हसून घ्यायचा. सासरे सगळीकडे असे टेकलेलेच होते. लेकीच्या घरात टेकलेले, खुर्चीच्या कडेला टेकलेले, बोलण्याच्या शेवटी 'बघा, तुम्हाला पटतंय का' यावर टेकलेले. घट्ट म्हणून त्या माणसानं जगात काहीच धरलं नव्हतं.

उकिडवं बसून मांड्या भरून आल्या तशी त्यानं भिंतीला पाठ लावली. रस्त्यानं सायकली जात होत्या. एरवी हा त्याचा आवडता तमाशा. माणूस हवा कशी भरतो यावरून तो कसा आहे हे सांगता येतं, असं त्याचं ठाम मत होतं, आणि त्यानं मनात त्याचे खण पाडून ठेवले होते. एक, जो भरण्याआधी अंगठ्यानं टायर दाबतो आणि डॉक्टरासारखी मान हलवतो. याला घरात कुणी विचारत नाही. दुसरा, जो दात-ओठ खात भरतो आणि मध्येच थांबून कुणी बघतंय का ते बघतो; याला बढती हवी असते आणि मिळत नाही. ज्या बाया पंप हातात घेतात तोच मुळी कुणीतरी पुढे येईल अशा बेतानं, आणि जे पुरुष मग खरोखर पुढे येतात, ते दोघे एका खणात. काही निम्मी हवा भरून 'चालेल' म्हणतात. हा खण सगळ्यात मोठा. चालेल! जग या एका शब्दावर चालतं, आणि म्हणून असं चालतं. या सगळ्यांसाठी आपण पंप का घडवतोय, असा प्रश्न त्याला कित्येकदा पडे, आणि त्याचं उत्तर तो स्वतःला देत नसे, कारण उत्तर जरा लाजिरवाणं होतं.

उत्तर असं की तो शाळेत असताना त्यांच्याकडे सायकल होती, पंप नव्हता. पंप शेजारच्या कारकुनाकडे. वडील त्याला पाठवायचे, स्वतः जात नसत. दार वाजवायचं, उभं राहायचं, कारकून बनियनवर बाहेर यायचा, त्याला नखशिखांत बघायचा, जणू पंप कुठल्या खिशात लपवून नेणार याचा अंदाज घेतोय. मग आत जायचा. बराच वेळ. आतून बोलणं ऐकू यायचं, "आलाय परत." मग पंप यायचा, आणि पंपाबरोबर ते वाक्य: "दांडा वाकवू नकोस, आणि इथेच भर, माझ्यासमोर." कारकून कठड्याला टेकून चहा पीत बघायचा. मुलगा हवा भरायचा, कान तापलेले, हात घसरणारे, आणि टायर पुरता भरायच्या आतच झालं म्हणायचा, कारण आणखी एक क्षण त्या नजरेखाली काढवत नसे. निम्म्या हवेवर घरी. वडील विचारायचे, "एवढीच?" तेव्हापासून त्याला एक पंप हवा होता, जो खिशात असेल. कुणाकडे मागावा लागणार नाही. कुणी कठड्याला टेकून बघणार नाही. चांगला, सुबक वगैरे सगळं नंतरचं. ते सभेत सांगायचं. आत होतं ते एवढंच, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'अरे, मग एक विकत घ्यायचा ना.'

"काय झालं हो काका? हवा गेली का?"

एक बाई सायकल थांबवून उभी होती. मागच्या आसनावर तिची लहानगी, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट. काका! दट्ट्यानं ताठ व्हायचा प्रयत्न केला, पण उकिडव्या माणसाला ताठ होण्याला मर्यादा असतात.

"होईल. करतोय."

"पंप देऊ का? आहे माझ्याकडे." ती उतरलीसुद्धा. पिशवीतून तिनं जे ओढून काढलं ते बघून दट्ट्यानं डोळे क्षणभर मिटले. म्हातारा. तपकिरी, टवके गेलेला, टोपीवर कुणीतरी कापडी पट्टी गुंडाळलेली. "आमच्या आईचा आहे. जरा फुसफुसतो, पण भरतो बिचारा. तुम्ही धरा, मी मारते."

"नको, मी..."

"अहो धरा! तुमचा चेहरा बघा, लालबुंद झालाय. काकांचं नाक बघ गं कसं झालंय," ती लेकीला म्हणाली, आणि लेकीनं गांभीर्यानं बघितलं. मग बाईची नजर त्याच्या हातातल्या चकचकीत नळकांड्याकडे गेली. "हे काय आहे? टॉर्च?"

दट्ट्यानं हाताकडे पाहिलं. सांगायला हरकत नव्हती. पंप आहे, म्हणायचं. मग ती म्हणणार, मग याच्यानंच भरा की. मग भरायची, आणि तिच्यासमोर, बिस्किटवालीच्या समोर, फुस्स.

"हो," तो म्हणाला. "टॉर्च."

"छान आहे हो. केवढीशी!"

त्यानं ती पिन बोटांनी बसवली, वर म्हाताऱ्याची टोपी दाबून धरली, आणि बाई दणादणा हवा मारू लागली. खण कुठला हिचा, असा विचार त्यानं सवयीनं केला, आणि खण सापडेना. ती बोलत बोलत भरत होती. शाळा, उशीर, मुलीचा बूट. कडेनं हवा फुसफुसत त्याच्या मनगटावर येत होती, गार, ओलसर. टायर भरला. बाईनं टोपी ओढली, ती जरा कुरकुरली आणि सुटली. पिन जागच्या जागी. ती निघून गेली. मुलगी मागं वळून त्याच्या नाकाकडे शेवटपर्यंत बघत होती. 'आभारी आहे' म्हणायचं राहिलं, हे पुढच्या चौकात त्याच्या लक्षात आलं, आणि मग वाटलं, बरं झालं राहिलं. अशा लोकांचे आभार मानले की ते घरी जाऊन सांगतात.

कारखान्यात पोचला तेव्हा सगळे वरच्या लांब खोलीत जमले होते. खिडकीखाली लोखंडी घोडीवर चाचणीचं चाक, टेबलावर आराखडे, आराखड्यांवर साचेवाल्याचं पेन, टोपण काढून ठेवलेलं. मालक खुर्चीत मागं रेलून खुर्ची कुरकुरवत होते. मालकांना आवाज करणारी कुठलीही वस्तू हाताळल्याशिवाय राहवत नसे. पंपांचा धंदाही त्यांनी बहुधा त्यामुळेच घेतला असावा.

"या! आज तुमचा दिवस आणि तुम्हीच उशिरा?"

"पंक्चर."

"पंक्चर!" गुळगुळीत टाळी देण्यासारखा हात पुढे करत म्हणाला. "आणि खिशात आपला पंप! साहेब, ही खरी चाचणी. भर रस्त्यात! काय म्हणता, भरली ना हवा?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. दट्ट्याला वाटलं, हे लोक माझ्याकडे नीट बघतायत तरी का? शर्टाच्या बाहीला काळं लागलंय, गुडघ्यावर माती आहे, आणि यांना दिसतंय काय तर जाहिरात.

"भरली," तो म्हणाला. आणि हे खरं होतं. भरली होती. दोनदा.

"बास! मग एकदा इथे दाखवा आणि करा सही," मालक म्हणाले. "अरे, चाक तयार आहे का?"

चाचणीवाला कोपऱ्यातून उठला. गोल, प्रसन्न, कपाळावर कायम तेलाचा एक पट्टा. दट्ट्याच्या खणांमध्ये तो 'सांगितलेलं करणारे' या खणात पडे, आणि त्या खणाकडे दट्ट्या कधी दुसऱ्यांदा बघत नसे. आज बघितलं. चाचणीवाल्यानं खिशातून पक्कड काढली, चाकापाशी वाकला, व्हॉल्व्हवर पक्कड लावली आणि ओठ आत घेऊन पिन करकचून आवळली. हे तो रोज सकाळी करायचा. दट्ट्यानं रोज पाहिलं होतं, जसं आपण जिन्यावरचा दिवा पाहतो.

"काय करतोयस?"

"रोजचंच साहेब. पिन आवळतो. म्हणजे सुटायला नको."

"कधीपासून?"

"तुम्ही आल्यापासून की." चाचणीवाल्याला प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "जुने साहेब होते तेव्हा चाकाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, दुकानातून आलंय तसं असू दे. तुम्ही आलात आणि पहिल्याच आठवड्यात चाक थोडं गळालं तर केवढे कडाडलात! मी म्हटलं, यांना गळती चालत नाही बाबा. तेव्हापासून न चुकता. तुमच्या सायकलच्या ट्यूबा पण मीच आवळून देतो, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच." आणि तो हसला, आपलं चोरून केलेलं पुण्य उघडं पडल्यासारखा.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मालकांची खुर्ची कुरकुरली. चाचणीवाला पक्कड धरून उभा होता, आणि दट्ट्याला त्याच्या कपाळावरच्या तेलात खिडकी दिसत होती, एवढीशी, चारी चौकटींसकट. म्हणायचं काय तर, ढिली कर. ती पिन ढिली कर, बोटानं जेवढी बसते तेवढीच ठेव, आणि मग बघू. मग फुस्स. मग गुळगुळीतचं तोंड. मग तोंडाचा आराखडा नव्यानं. आटे काढायचे, टोपी आणायची, टोपीला जागा म्हणजे पंप जाड, जाड म्हणजे खिशात मावत नाही, आणि खिशात मावत नाही म्हणजे तो झाला म्हातारा. लाल, पिवळा, निळा. आणि सासरे खिडकीशी बसून विचारणार सुद्धा नाहीत. न विचारणं हीच तर त्यांची खोड.

"आवळ," दट्ट्या म्हणाला. "बरोबर करतोस."

त्यानं स्वतः हवा भरली. कुठे फुसफूस नाही. टायर टणक झाला. नळी सोडवली, आणि पिन जागची हलली नाही. साचेवाला म्हणाला, "सुंदर," आणि मालकांनी पंप हातात घेऊन दोनदा वाजवला. गुळगुळीतनंसुद्धा मान डोलवली. हरलेल्या माणसाचं डोलवणं कसं असतं, हे बघायची दट्ट्यानं कित्येक वर्षं वाट पाहिली होती. आता ते समोर आलं तर त्यात काही चव नव्हती. त्याला एकदम वाटलं, हा गाढव आहे. हे सगळेच गाढव आहेत. समोर माणूस पक्कड घेऊन उभा आहे, आणि एकालाही प्रश्न पडत नाही की लोक रस्त्यावर पक्कड घेऊन फिरतात का. पडला असता एखाद्याला, तर सुटलो असतो.

"एक छोटी चावी द्यावी लागेल सोबत," तो म्हणाला.

"चावी? कसली?"

"व्हॉल्व्हची पिन आवळायची. पत्र्याची, नखाएवढी. आणि डबीवर सूचना: वापरण्यापूर्वी पिन चावीने घट्ट आवळावी. न आवळल्यास जबाबदारी आमची नाही." तो थांबला. "लोक आवळत नाहीत. लोकांना सवय नाही."

"लोकांना सवय कसली असते!" मालक खूष झाले. "अहो, आमच्या मेव्हण्याला बाटलीचं झाकण लावायची सवय नाही. बरोबर आहे. सूचना मोठ्या अक्षरात टाका."

"चावीसकट!" गुळगुळीत उजळला. हरलेला माणूस इतक्या लवकर सावरतो, हे बघून दट्ट्याला त्याचा हेवा वाटला. "साहेब, हे तर विक्रीचं सोनं आहे. पंप, चावीसकट! म्हाताऱ्याला कुठे होती चावी? कुणालाही वाटेल, केवढी काळजी घेतलीय."

दट्ट्यानं सही केली. पेन चांगलं होतं, कागदावर अजिबात अडखळलं नाही.

संध्याकाळी घरात शिरताना जेवणाचा वास आला. टेबलावर ताटं मांडलेली. सासरे खुर्चीच्या कडेला, नेहमीसारखे. भिंतीकडचा दिवा त्यांच्या टकलावर. बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग खिशाकडे.

"झाली?"

"झाली."

"अरे, मग असा काय उभा? बाबा, झाली सही!" ती खरंच आनंदली होती. तिच्या आनंदाला कारण पुरेसं लागतं का, हे त्यानं कधी तपासलं नव्हतं; तो खण त्यानं पाडलाच नव्हता. तिनं त्याच्या खिशातून पंप काढून टेबलावर, ताटांच्या मध्ये ठेवला. चावीची हकिगत त्यानं हात धुता धुता सांगितली, मालकांच्या मेव्हण्यासकट, आणि ती हसली. सासऱ्यांनी घास घेतला.

"मग उद्यापासून मी हाच नेते," बायको म्हणाली. "बाबा, तुमचा आता ठेवून देऊ या हं, रागावू नका. पुलापलीकडे कुठे चाक बसलं तर त्या जाड धोंड्याला काढता काढता माझी पिशवी उलटीपालटी होते. तिकडे चिटपाखरू नसतं."

पुलापलीकडचा रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर आला. दोन्हीकडे कुंपणं, दिवे लांब लांब. ती उकिडवी बसलेली, कोपऱ्यावरच्या दुकानातली ट्यूब, आणि तिच्या हातात हा.

"राहू दे," तो म्हणाला. "आणखी थोडे दिवस बाबांचाच ने."

"का?"

"असंच. नवा आहे."

"नवा आहे म्हणून तर नेते! आणि तू चावी देणारच आहेस ना."

"चावी हरवते," दट्ट्या म्हणाला.

हे त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की म्हणून झाल्यावर तोच ते ऐकत राहिला. बायकोचा हात पंपावर होता. तिला काही कळलं नाही. तिनं पंपाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मग वडिलांकडे.

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. पंप उचलला, चष्म्याजवळ नेला, नळी ओढून बाहेर काढली, आट्यांवरून अंगठा फिरवला. घाई नाही. दट्ट्याला वाटलं आता ते 'टेकलेलं बरं' येणार, इतकी वर्षं जपून ठेवलेलं. त्यानं ते झेलायला चेहराही तयार केला.

"पिन बाहेर येते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि सही झाली म्हणता."

"झाली."

म्हाताऱ्यांनी नळी होती तशी आत सरकवली. पंप ताटांमधून उचलून टेबलाच्या कडेला, पाण्याचा डाग पडला होता तिथे, आडवा ठेवला. मग भाजीचं भांडं जावयाकडे सरकवलं. नजर भांड्यावरच होती.

"जेवा," ते म्हणाले.